रातांब्याचा हंगाम आणि गावातील खाद्यपदार्थांचे दुकान

कोकणात वैशाख सरत आला की रातांब्याच्या झाडाखाली पिकून लाल झालेल्या फळांचा सडा पडू लागतो. हा हंगाम अल्प असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पावसास प्रारंभ झाला म्हणजे फळे कुजतात, साली वाळत नाहीत व त्यांना बुरशी येते. अशा रीतीने दरवर्षी पुष्कळसे फळ झाडाखालीच वाया जाते.

दुसरीकडे, गावातील किंवा हमरस्त्यावरील लहान दुकानदारापुढे निराळाच प्रश्न असतो. दूरच्या कारखान्यातून आलेली बिस्किटे व सरबते प्रत्येक दुकानात सारखीच मिळतात. गिऱ्हाइकाने मुद्दाम आपल्याच दुकानी यावे यासाठी त्याच्यापाशी काहीतरी वेगळे असावे लागते. बागाईतदाराचे वाया जाणारे फळ आणि दुकानदाराची ही गरज यांची सांगड घातल्यास दोघांचाही लाभ होतो. मात्र त्यासाठी पदार्थ योग्य प्रमाणात, स्वच्छतेने आणि वेळेवर तयार झाला पाहिजे.

झाडाची निवड

रातांब्यात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून लावलेल्या रोपांपैकी जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि ही गोष्ट झाड फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळून येत नाही. म्हणून नवी लागवड मादी झाडाच्या कलमांनीच करावी. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली. तिची बहुतेक फळे पावसापूर्वी हाती येतात. जो माल उन्हात तयार करावयाचा, त्याच्या दृष्टीने हा गुण विशेष महत्त्वाचा होय.

हंगामाचे तीन पदार्थ

फळाच्या वजनात सुमारे निम्मा भाग सालीचा असतो. पूर्ण पिकलेली, निरोगी फळे धुऊन, पुसून, कापून बी व गर वेगळा करावा. रस अत्यंत आंबट असल्याने तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. चिनी मातीच्या बरण्या किंवा स्टेनलेस स्टीलची भांडी घ्यावीत.

आमसूल : बीसह काढलेल्या गरात मीठ घालून रस सुटू द्यावा. त्या रसात साली भिजवून उन्हात वाळवाव्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवून वाळवाव्यात. असे चार-पाच वेळा केल्याने सालीस गडद रंग व भरपूर आंबटपणा येतो. साली जमिनीवर न पसरता उंच मांडवावर, स्वच्छ चटईवर पसराव्यात.

आगळ : एक किलो सालीस १५० ते २०० ग्रॅम मीठ या प्रमाणात थर द्यावेत. रोज ढवळून काही दिवसांनी सुटलेला रस गाळून घ्यावा. सोलकढीसाठी यास चांगली मागणी असते. त्यात पुरेसे मीठ असल्यामुळेच तो टिकतो, हे ध्यानात ठेवून मिठात काटकसर करू नये.

अमृत कोकम : एक किलो सालीस दोन किलो साखर घेऊन बरणीत एकाआड एक थर द्यावेत. बरणीचे तोंड बांधून ती सात-आठ दिवस उन्हात ठेवावी व रोज ढवळावी. साखर पूर्ण विरघळल्यावर पाक गाळून निर्जंतुक केलेल्या कोरड्या बाटल्यांत भरावा. पाकात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण शेकडा ६५ पेक्षा कमी नसावे. साखर वाचविण्यासाठी पाक पातळ ठेवल्यास तो आंबतो व बाटलीचे बूच उडते.

करण्याचा हंगाम आणि विकण्याचा हंगाम

या धंद्यात पुष्कळांची चूक येथेच होते. अमृत कोकम तयार होते एप्रिल-मे महिन्यांत, परंतु सरबताची मागणी मार्चपासूनच सुरू होते. त्या वेळी नवे फळ हाती आलेले नसते. म्हणजे गतवर्षीचा माल दहा-अकरा महिने टिकलेला असावा लागतो. तसेच भाद्रपदात गणेशोत्सवासाठी आलेले चाकरमानी परत जाताना आमसूल, आगळ व फणसपोळी बरोबर नेतात. तेव्हा मे महिन्यातच सर्व माल मिळेल त्या भावाने न विकता, त्याचे भाद्रपदासाठी व पुढील उन्हाळ्यासाठी वाटे करून ठेवावेत.

कोकमाचा नैसर्गिक लाल रंग उष्णता व प्रकाश यांनी फिका पडतो. म्हणून शोभेसाठी बाटल्या दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात मांडू नयेत. दर्शनी भागी एकच बाटली ठेवावी, बाकीचा साठा थंड व अंधाऱ्या जागी असावा. फिका रंग झाकण्यासाठी कृत्रिम रंग मिसळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा येत नाही, आणि लहान दुकानाचे भांडवल म्हणजे त्याचा विश्वासच होय.

नवा पदार्थ कसा आणावा

नवा पदार्थ म्हणजे नवा खर्चच असे नव्हे. अमृत कोकम गाळल्यावर उरलेल्या साली बहुधा फेकल्या जातात. त्या निथळून, स्वच्छ जागी वाळवून लहान पुड्यांत भरल्यास मुलांच्या आवडीचा आंबट-गोड खाऊ तयार होतो. बियांपासून मुठेल निघते व भेगाळलेल्या टाचांस लावण्यासाठी त्यास मागणी असते. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोड्या प्रमाणात, विक्रीस ठेवावा. पहिल्यांदा किती पुड्या गेल्या यापेक्षा, तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागावयास आले की नाही याची नोंद ठेवावी.

किंमत ठरविणे

वीस किलो फळांपासून सुमारे दहा किलो साल निघते व तिला वीस किलो साखर लागते. त्यावरून साखरेचा खर्च किती मोठा आहे हे दिसून येईल. त्यात बाटल्या, बुचे, चिठ्ठ्या, वाहतूक आणि फुटतूट यांचा खर्च मिळवावा. घरचे फळ व घरच्या स्त्रियांचे श्रम फुकट धरू नयेत. बाजारात त्या फळास जो भाव मिळाला असता तो आणि तेवढ्या दिवसांची मजुरी हिशेबात धरावी. असे न केल्यास विक्री वाढूनही घरात काही उरत नाही.

कायदा व चिठ्ठी

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार पदार्थ तयार करणाऱ्या व विकणाऱ्या लहान व्यावसायिकानेही नोंदणी करणे आवश्यक आहे. बाटलीवरील चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, किती काळ उत्तम राहील ती मुदत, किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता, तसेच चौदा अंकी नोंदणी क्रमांक स्पष्ट छापलेला असावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मार्च महिन्यातच गावातील फळावरील झाडांची मोजदाद करावी. बागाईतदार, महिला बचत गट व दुकानदार यांची एकत्र बैठक घेऊन कोण किती फळ देणार, कोण पदार्थ करणार व कोण विकणार हे ठरवावे. बरण्या, बाटल्या व साखर एप्रिलपूर्वी घरात आलेली असावी. पाऊस कोणासाठी थांबत नाही. त्याच्या आधी आठ दिवस ज्याची तयारी पूर्ण झाली, त्याच्या झाडाखाली रातांबे कुजणार नाहीत आणि दुकानाचे फडताळ भाद्रपदात रिकामे राहणार नाही.