फुकटचा कोड आणि पगाराची नोकरी

करमाळा तालुक्यातलं जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. इथली मुलं इंजिनिअरिंग झालं की रेल्वेनं पुणे गाठतात आणि हिंजवडी-मगरपट्ट्यात नोकरी शोधतात. घरच्यांना एक धास्ती असते: जगभरचे हौशी लोक सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटत असतील, तर आमच्या पोराला पगार कोण देणार?

या धास्तीमागचा पहिला गैरसमज असा, की प्रोग्रॅमरचा पगार सॉफ्टवेअर विकून निघतो. तसा तो फार थोड्यांचा निघतो. बँक, विमा कंपनी, कारखाना, सरकारी खातं यांना आपापल्या कामापुरतं सॉफ्टवेअर लागतं. ते बनवणं, नियम बदलले की बदलणं, रात्री बंद पडलं तर चालू करणं, यावरच पुण्याच्या आयटीतली बहुतेक घरं चालतात. खालचा पाया फुकट मिळाला म्हणून वरचं हे काम संपत नाही. उलट पायाचे पैसे वाचले म्हणून लहान उद्योगालाही ते परवडू लागतं.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट पाहा. हिशेब आणि साठा सांभाळणारं हे सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं. कंपनी कमावते ती ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्यातून आणि मदत पुरवण्यातून. शिवाय ग्राहकाकडे ते बसवून देणाऱ्या, त्याच्या गरजेप्रमाणे बदलून देणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या त्यावर उभ्या आहेत.

दुसरा गैरसमज म्हणजे ओपन सोर्स, म्हणजे असं खुलं सॉफ्टवेअर, लिहिणारे सगळे बिनपगारी असतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं हौसेनं केली, हे खरं. पण लिनक्स फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालानुसार कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, बदलांपैकी बिनपगारी लोकांचे बदल जेमतेम 8 टक्के होते. बाकी बहुतेक काम इंटेल, रेड हॅट अशा कंपन्यांच्या पगारी माणसांचं. त्याच रेड हॅटला आयबीएमनं 2019 मध्ये सुमारे 34 अब्ज डॉलर मोजून विकत घेतलं. रेड हॅटचं कार्यालय पुण्यातही आहे.

मग कुणाचंच नुकसान झालं नाही का? झालं. स्वतःचं महागडं युनिक्स आणि त्यासाठीची यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा लिनक्सनं खाल्ला. सन मायक्रोसिस्टीम्स त्यातलीच, 2010 मध्ये ती ओरॅकलकडे गेली.

पण मला खरा अन्याय दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं ओपनएसएसएल जगभरच्या सर्व्हरवर चालत होतं. 2014 मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचा दोष सापडला, तेव्हा कळलं की ते सांभाळायला मूठभर माणसं होती आणि वर्षाच्या देणग्या दोनेक हजार डॉलर. 2024 मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात कुणीतरी चोरवाट घुसवली, तीही ते सांभाळणाऱ्या थकलेल्या एकट्या माणसाचा विश्वास संपादन करून. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या अशा कोडवर आयत्या बिळावर नागोबासारख्या बसतात आणि बीळ खणणाऱ्याला काही देत नाहीत. स्वयंसेवक इतरांच्या नोकऱ्या खात नाहीत. त्यांच्याच कष्टाचा मोबदला कंपन्या खातात.

राहिला तिसरा गैरसमज: ओपन सोर्स हे मोठ्या कॉलेजातल्यांचं काम, जेऊरच्या मुलीला कोण विचारतो? इथं कॉलेजचं नाव विचारत नाहीत, पाठवलेला बदल तपासतात. चुकला तर परत येतो, बरोबर असला तर नावानिशी आत जातो आणि मुलाखतीत दाखवता येतो. त्यानं नोकरी मिळेलच अशी हमी नाही, पण नुसत्या सर्टिफिकेटपेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत आणि मोफत आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पात पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सायलॅब या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये सोडवून देणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन मिळालेलं आहे. घरात शेवटच्या वर्षाला कुणी असेल, तर त्याला हे आजच सांगा.