एकट्या मादीची अंडी

पिंजऱ्यात वर्षानुवर्षे एकटाच असलेला ‘मिठ्ठू’ एखाद्या सकाळी अंडे घालतो आणि तो नर नव्हता, मादी होती, हे घरच्यांना तेव्हा उमगते. नरावाचून अंडे कसे, असे पुष्कळजण विचारतात. कोंबडी कोंबड्यावाचून देते तसेच. त्यातून पिल्लू मात्र निघत नाही.

श्रोतेहो, चारमिनारच्या परिसरातील मुर्गी चौकाचे नाव हैदराबादच्या शौकिनांना नवे नाही. आपला देशी राघू 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाही. म्हणून हे विवेचन ऑस्ट्रेलियाकडच्या बजरीगर व कॉकाटील या पक्ष्यांपुरते आहे. त्यांची मादी साधारणतः दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. एवढ्याने बिघडत नाही. पण हा क्रम थांबेनासा झाला, की कवचासाठी लागणारा चुना तिच्याच हाडांतून जाऊ लागतो.

अशा वेळी अंडे उचलून फेकण्याची घाई आपण करतो, आणि नेमके तेच घातक ठरते. अंडे नाहीसे झाले की मादी त्याची भरपाई करते. कुक्कुटपालकाचा सारा व्यवसाय याच स्वभावावर उभा आहे! अंडी तिच्यापाशीच तीन आठवडे राहू द्यावीत. ती कंटाळून आपणच उठते.

मूळ कारण बहुधा उजेडात असते. हैदराबादेत वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर जातो. आपल्या बैठकीच्या खोलीतला दिवस मात्र रात्री अकरापर्यंत चालतो. एवढा लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम, असे त्या पाखराचे शरीर समजते. यास्तव सायंकाळी सहाच्या सुमारास पिंजरा अंधाऱ्या, शांत खोलीत न्यावा व सकाळी आठला बाहेर आणावा. उन्हाळ्यात जाड कापडाने तो गच्च झाकू नये, पक्षी गुदमरेल. पिंजऱ्यातील मडके, खोके व आरसा काढून टाकावा. पाठीवरून हात फिरवणेही सोडावे; आपल्याला ती माया वाटते, मादीला ते नराचे प्रियाराधन वाटते.

नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला चुना कमी पडतो. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात टांगावा, पालेभाजी द्यावी, सकाळचे कोवळे ऊन मिळू द्यावे. काचेआडचे ऊन त्या कामी येत नाही.

मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपटी वरखाली हलवीत कुंथू लागली, तर अंडे अडले आहे असे समजावे. पोट मुळीच दाबू नये. अंडे आतच फुटले तर जीव जातो. उबदार खोक्यात ठेवून तिला तात्काळ पशुवैद्याकडे न्यावे. उजेड कमी करूनही अंडी थांबत नसतील, तर संप्रेरकांचे उपचार आज उपलब्ध आहेत. तेही वैद्याच्याच हातून व्हावेत.