काच बसवली, ऊन राहून गेले

1894 साली राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवदेवतांच्या रंगीत तसबिरी सामान्यांच्या घरांत पोचू लागल्या. तेव्हापासून आजच्या डिजिटल छपाईपर्यंतचा काळ पाहिला, तर आपले वैजापूर काय नि मुंबई काय, गोष्ट एकच दिसते. धूळ, ओल आणि कसर यांच्यापासून चित्र वाचावे म्हणून आपण पुढे काच बसवली, मागे पुठ्ठा ठोकला; उजेडाचा विचार मात्र केला नाही. साधी काच साधारण 320 नॅनोमीटरखालचे अतिनील किरण अडवते, त्यापुढचे 400 पर्यंतचे बरेचसे आत सोडते. रंगद्रव्य फिके पडते, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो तो बऱ्याच अंशी यांच्यामुळे. जलरंग उजेडाने उडतात हे रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी 1888 च्या अहवालात प्रयोगांनिशी दाखवले होते. पुढे संग्रहालयांनी नाजूक चित्रांसाठी उजेडाची 50 लक्सची मर्यादा मानली. भर दुपारचे ऊन लाख लक्सच्या घरात जाते! ते ज्ञान संग्रहालयाचा उंबरठा ओलांडून घरांत आलेच नाही, याची खंत वाटते.

आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याचे रंग दीड हजार वर्षे टिकले, मग तसबिरीची एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण तिथले रंग मुख्यतः खनिज आहेत आणि लेण्यांत अंधार आहे. छापील चित्रातला लाल-पिवळा रंग तितका चिवट नसतो. म्हणूनच दुकानांतली जुनी पोस्टरे निळसर पडतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. अतिनील किरण अडवणारी काच महाग असते हे खरे, आणि तीही पुरी पडत नाही, कारण दृश्य प्रकाशही रंग उडवतोच. माझ्या मते काचेआधी भिंत बदलावी, आणि त्याला पैसा लागत नाही. उत्तरेचा उजेड निर्धोक, हा युरोपातला नियमही इथे डोळे मिटून लावू नये: मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वैजापुरात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ट्यूबलाइटच्या जागी एलईडी आल्याने घरातल्या दिव्यांचे अतिनील किरण जवळपास संपले. उरली ती खिडकी.

चित्र पाहण्यासाठीच असते, ते अंधारात कोंडायचे का? मुळीच नाही. आतल्या भिंतीवर लावावे, दुपारी पडदा ओढावा, हाताने रंगवलेले किंवा एकच प्रत असलेले चित्र वर्षातले काही महिने कपाटात ठेवावे. उडालेला रंग कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. तेव्हा पश्चिमेच्या खिडकीसमोर पणजीची तसबीर असेल, तर या उन्हाळ्याआधी ती तिथून हलवा.