कॅमेरा जागा झाला, पण त्याला काहीच आठवेना

ताडोबात वाघ मोजायला कॅमेरे लावतात ते जोडीने, वाटेच्या दोन बाजूंना. कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एका कॅमेऱ्याने दगा दिला की एक कूस हुकली. आता समजा, असा कॅमेरा आपणच लिनक्सवर बांधतोय आणि त्यात सोनीचा आयएमएक्स२१९ हा इमेज सेन्सर आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वीज कुठून आणणार? सगळा खेळ बॅटरीवर. म्हणून हालचाल टिपणारा छोटा पीआयआर सेन्सर तेवढा जागा ठेवायचा आणि इमेज सेन्सरचा पुरवठा तोडायचा. गोम इथेच आहे. एक्स्पोजर, गेन, चित्राचा आकार हे सगळं सेन्सरच्या रजिस्टरांत लिहिलेलं असतं. वीज गेली की पाटी कोरी. ड्रायव्हर मात्र समजतो, मी तर मघाशीच लिहिलंय!

कर्नलमधला या सेन्सरचा ड्रायव्हर काय करतो बघा. वीज देतो, क्लॉक सुरू करतो, रीसेट सोडतो आणि निदान ६,२०० मायक्रोसेकंद थांबतो. घाई केली तर लिहिलेलं वाया जातं. मग स्ट्रीम सुरू करताना दर वेळी रजिस्टरांची यादी नव्याने लिहितो, त्यावर आपण मागितलेलं एक्स्पोजर आणि गेन. जुन्यावर भरवसाच ठेवत नाही. मला ही पद्धत आवडते.

बरेच ड्रायव्हर हे काम रेगमॅपवर सोपवतात. तो २०११ पासून कर्नलमध्ये आहे. लिहिलेल्या मूल्यांची प्रत मेमरीत ठेवतो. पण वीज तोडताना 'रेगकॅश मार्क डर्टी' म्हणायला विसरलात, तर नंतरचं 'रेगकॅश सिंक' काहीही न लिहिता परत येऊ शकतं. आणि तक्रारही करत नाही, बरं का!

टेबलावर ही चूक सापडत नाही. आपण समोर हात हलवत बसतो, ऑटोसस्पेंडची दोन-चार सेकंदांची मुदत भरतच नाही, म्हणजे पुरवठा तुटतच नाही. जंगलात मात्र दोन हालचालींमध्ये अख्खी रात्र जाते आणि वाघाचा फोटो येतो पांढराफटक, नाहीतर येतच नाही.

तेव्हा आधी मल्टीमीटर लावून सेन्सरचा व्होल्टेज खरंच शून्यावर जातो का ते बघा. तोच रेग्युलेटर दुसऱ्या चिपलाही वीज देत असेल, तर ड्रायव्हरने 'बंद' म्हटलं तरी तो चालूच राहतो. व्होल्टेज शून्यावर गेला, की मग हात हलवा आणि येणारा पहिलाच फोटो तपासा.