महिला सन्मान बचतपत्र
भारत सरकारची मर्यादित काळापुरती काढलेली अल्पबचत योजना. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात स्त्रिया व मुली यांच्या नावे तिची खाती उघडता येत. मुदत दोन वर्षे व व्याज द.सा.द.शे. ७·५ होते. रक्कम एकदाच भरावयाची असे. तीन महिन्यांनंतर दुसरे खाते उघडता येई. परंतु २ लाख रुपयांची कमाल मर्यादा सर्व खात्यांना मिळून असल्याने रक्कम विभागून ती ओलांडता येत नसे. या मर्यादेमुळे जादा व्याजाचा लाभ मर्यादित रकमेपुरता राहिला. एका वर्षानंतर शिलकीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची तरतूद होती. डाकघर बचत खात्यात ठेवीला कमाल मर्यादा नाही व पैसे केव्हाही काढता येतात. म्हणून शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील कामगार स्त्रीने अडीअडचणीचा पैसा कमी व्याज पतकरूनही साध्या खात्यात ठेवणे इष्ट ठरते.