लॅपटॉप आहेच, मग टॅब कशाला? आणि घ्यायचाच तर कोणता?



उन्हाळ्यात निकालाचं काम आटोपलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, लॅपटॉप तर आहेच. सोबतीला टॅब घ्यावा म्हणतोय. कोणता घेऊ?" नांदेडला शाळेतले सहकारी विचारतात, लातूरला घरी गेलो की गल्लीतले पालक विचारतात. मी आधी उलटा प्रश्न करतो : लॅपटॉपवर तुमचं नेमकं कोणतं काम अडतंय?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०२१ मध्ये, ऑनलाइन शाळेच्या गडबडीत, मी ८ इंची स्वस्तातला टॅब घेतला. "पेन चालतो का?" विचारलं तर दुकानदार म्हणाला, "चालतो की सर!" चालला, पण तो रबरी टोकाचा पेन. हात स्क्रीनला टेकला की भलतीकडेच रेघ उमटायची. गणिताचा अपूर्णांक लिहायला अर्धी स्क्रीन लागायची. आता त्या टॅबवर आई भजनं ऐकते.

म्हणून आधी एक आठवडा कामांची यादी करा. माझी यादी केली तेव्हा सरळ दोन ढीग पडले.

पहिला ढीग लॅपटॉपचाच. यू-डायससारख्या पोर्टलवर माहिती भरणे, निकालपत्रकं, प्रश्नपत्रिका टाइप करणे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निकालाच्या एक्सेल फायलींत बऱ्याचदा मॅक्रो असतात, म्हणजे बटण दाबलं की आपोआप गुणपत्रक तयार. टॅबवरच्या एक्सेलमध्ये बेरजा-सरासरी होतात, मॅक्रो चालत नाहीत. तसंच जुन्या फॉन्टचं. श्रीलिपी, कृतिदेव यांत टाइप केलेली प्रश्नपत्रिका टॅबवर उघडली की 'मराठी'च्या जागी काहीबाही चिन्हं दिसतात, कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत. शाळेतला जुना प्रिंटर फक्त यूएसबी केबलवर चालणारा असेल, तर टॅबवरून छापायचीही पंचाईत. डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल तर त्यालाही लॅपटॉपच हवा.

दुसरा ढीग लॅपटॉपला न जमणारा. मुलांनी पाठवलेल्या उत्तरपत्रिकांच्या पीडीएफवर लाल खुणा करणे. आकृती काढत काढत समजावणे. वर्गात फिरता फिरता पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षावरचा व्हिडिओ दाखवणे. आणि प्रवास. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी. लातूरला पोचेपर्यंत मांडीवर लॅपटॉप उघडून बघा एकदा, शेजारचा माणूसच उठून जाईल! टॅबवर मात्र तेवढ्या वेळात दहा-पंधरा उत्तरपत्रिका वाचून होतात. (खुणा करायच्या नाहीत, आपल्या रस्त्यावर बरोबरची खूण चुकीची दिसते.)

हा दुसरा ढीग मोठा असेल तरच पुढचं वाचा. त्यातली निम्मी कामं हाताने लिहायची आहेत, म्हणून टॅब निवडताना पहिला मान पेनाला. रबरी टोकाचा पेन कोणत्याही टॅबवर बोटासारखा चालतो. खरा पेन वेगळा : तो स्क्रीन ओळखते, तळहात टेकला तरी दुर्लक्ष करते, दाब दिला तर रेघ जाड होते. त्यासाठी टॅबमध्येच सोय असावी लागते, नंतर बसवता येत नाही. एकाच कंपनीच्या सगळ्या टॅबमध्ये ती नसते. सॅमसंगच्या टॅब एस-६ लाइटबरोबर पेन खोक्यातच येतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही. त्याच सॅमसंगच्या ए-९ टॅबवर तो पेन चालतच नाही. आयपॅडचा पेन वेगळा विकत घ्यावा लागतो, तो खर्च धरून हिशोब करा. दुकानात सरळ तळहात टेकवून 'ज्ञ', 'क्ष' आणि एक अपूर्णांक लिहून बघा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

दुसरा मान आकाराला. याची एक सोपी चाचणी आहे. ए-फोर पान २१ सें.मी. रुंद असतं. ११ इंची टॅब उभा धरला तर रुंदी १५ सें.मी.च्या आसपास, ८ इंचीची ११ सें.मी.च्या आसपास. झेरॉक्सवाल्याकडे आपली प्रश्नपत्रिका घेऊन जा. एक प्रत ए-फाइव्ह आकारात काढा, ती झाली ११ इंची टॅब. दुसरी प्रत ५० टक्के करा, ती झाली ८ इंची. घरी चष्मा लावून दोन्ही वाचा. चाळिशी उलटलेल्यांना पुढचं सांगायची गरज पडत नाही.

मोठ्या स्क्रीनचा एक छुपा खर्च मात्र आहे. मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर फुकट संपादन करू देतं, त्याहून मोठ्या स्क्रीनवर वर्गणी मागतं. गूगल डॉक्स आणि शीट्सना ती अट नाही, आणि बहुतेकांचं काम त्यात भागतं.

बाकी गोष्टी थोडक्यात. साठवण ६४ जीबी असेल तर त्यातली बरीच जागा टॅबची स्वतःचीच प्रणाली खाते. बालभारतीच्या पीडीएफ आणि दीक्षाचे व्हिडिओ उतरवून ठेवायचे असतील तर १२८ घ्या. सिमचा टॅब कशाला? मोबाईलच्या हॉटस्पॉटवर वायफायवाला चालतो, पैसे वाचतात. अपडेट किती वर्षं मिळणार हे जरूर विचारा; स्वस्त टॅबचे लवकर थांबतात, आयपॅडचे बरीच वर्षं येतात. सोबत कीबोर्ड घेऊ नका. टॅब अर्धा किलोचा, त्यात कीबोर्डचं कव्हर घातलं की वजन लॅपटॉपकडे सरकतं, आणि टायपिंगला लॅपटॉप आपल्याकडे आहेच की.

दोन्ही एकत्र वापरायच्या दोन युक्त्या मला फार उपयोगी पडल्या. पहिली : ऑनलाइन तास घेताना लॅपटॉपवरून मीटमध्ये जायचं आणि त्याच तासाला टॅबवरूनही जायचं. टॅबची स्क्रीन शेअर केली की तो झाला फळा, लॅपटॉपवर मुलांचे चेहरे. टॅबचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर असा घुमतो की मुलं हसत सुटतात. दुसरी : 'स्पेसडेस्क' नावाचं ॲप टाकलं तर अँड्रॉइड टॅब विंडोज लॅपटॉपची दुसरी स्क्रीन होतो. एकीकडे गुणतक्ता, दुसरीकडे निकालपत्रक. वायफायवर थोडं अडखळतं, केबलने जोडलं तर बरं चालतं.

आणि वीज. दुपारी लाइट गेली की हा फरक कळतो. साधी २०,००० एमएएचची पॉवर बँक टॅब दीडएक वेळा भरते. लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा असतो, ते ओझं साध्या पॉवर बँकेला झेपत नाही. फक्त मे महिन्यात टॅब गाडीच्या डिकीत ठेवू नका, नांदेडच्या उन्हात बॅटरीची वाट लागते.

पालकांसाठी थोडं वेगळं. लातूरमधल्या ओळखीच्या एका पालकांना मुलाच्या जेईईसाठी टॅब घ्यायचा होता, पंचवीस हजार बाजूला काढले होते. मी विचारलं, सराव परीक्षा कशावर देतो? म्हणाले, "मोबाईलवर. लॅपटॉप आहे, पण लई स्लो चालतोय." आता जेईई मेन ही परीक्षा संगणकावर, माऊसने द्यायची असते. बोटाने पर्याय निवडायची आणि चिमटीने आकृती मोठी करायची सवय तिथे कामाला येत नाही. कच्चं काम तर कागदावरच करायचं असतं. त्यांनी लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवली आणि एक माऊस घेतला. लॅपटॉप आता पटकन सुरू होतो. टॅबचे बाकीचे पैसे अजून बँकेत आहेत.