छातीतली गाठ आणि गाठीचा पैसा

अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागते. दुखत नाही, म्हणून घरातली बाई गप्प राहते. मनात मात्र एक हिशेब सुरू असतो: मोठा आजार निघाला तर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरपासून कॅम्पातल्या घरापर्यंत हा हिशेब बऱ्याच घरांत होतो, आणि तो चुकीचा आहे. या आजारात सर्वांत महाग पडतो तो उशीर.

आधी आजार समजून घ्या

स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती गाठ कसली, हे घरी बसून ठरत नाही. नवी गाठ, काखेत गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडीला खळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास सुईने तुकडा काढून तपासणे, असा क्रम असतो. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत खरी नाही.

आजार लवकर सापडला तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही, आणि काहींना केमोथेरपीही लागत नाही. उशीर झाला की उपचार वाढतात, खर्च वाढतो आणि बरे होण्याची शक्यता घटते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, केवळ हाताने तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ५० वर्षांवरील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात तशी घट दिसली नाही. हाताने करायची अशी तपासणी ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमातही आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा.

आधी हक्काचा पैसा

बचतीला हात लावण्यापूर्वी हे पाहा:

• आयुष्मान कार्ड. छत्तीसगडमध्ये अंत्योदय आणि प्राधान्य शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, इतर शिधापत्रिकाधारकांना ५० हजारांपर्यंत उपचार मिळतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न पाहता ५ लाखांचे संरक्षण आहे. कार्ड आजच काढून ठेवा.

• इस्पात कारखान्याचे कर्मचारी सेक्टर ९ च्या रुग्णालयात, तर निवृत्तांनी आपल्या मेडिक्लेमच्या अटींबाबत चौकशी करावी.

• ईएसआय. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या अनेक कंत्राटी कामगारांचा विमा असतो. त्यात कुटुंबाचे उपचार येतात. कामगार स्त्रीलाच कर्करोग झाला आणि तिची विम्यातली नोकरी दोन वर्षांची असेल, तर अटींनुसार पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

• रेल्वे. उपचारासाठी नागपूर किंवा मुंबईला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

रायपूरला एम्स आणि आंबेडकर रुग्णालयातही कर्करोगावर उपचार होतात. घराजवळ उपचार झाले की जेवण, भाडे आणि बुडणारी मजुरी वाचते.

मग आपली ठेव

समजा, १ लाखाची एक वर्षाची ठेव ७ टक्क्यांनी आहे. नऊ महिने झाले आहेत आणि तीन महिन्यांसाठी ६० हजार हवे आहेत. ठेवीवर ८ टक्क्यांनी कर्ज घेतले तर व्याज १,२०० रुपये. ठेवीचे व्याज ७,००० मिळेल, म्हणजे हाती ५,८०० उरतील. ठेव मोडली आणि दंड वजा जाऊन ५ टक्केच दर मिळाला, तर व्याज ३,७५०. उरलेल्या पैशावर आणखी तीनेकशे. थोड्या दिवसांची गरज असेल तर ठेवीवर कर्ज बरे. पैसे लवकर परत येणार नसतील तर ठेव मोडा. कर्ज ओढत बसू नका. पीपीएफ खाते पाच वर्षांनंतर गंभीर आजारासाठी मुदतीपूर्वी बंद करता येते, पण व्याज एक टक्का कमी मिळते. सावकाराकडे मात्र जाऊ नका.

नवा विमा घेताना

गाठ लपवून पॉलिसी घेऊ नका. दावा नाकारला जाऊ शकतो. गंभीर आजाराच्या पॉलिसीत अगदी सुरुवातीचा कर्करोग सहसा धरत नाहीत. अटी वाचूनच सही करा.

आज एवढे करा

खात्याला वारस नोंदवा. एक खाते नवरा-बायकोच्या नावे, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असे ठेवा. तपासणीचे कागद एका पिशवीत ठेवा. आणि घरात कुणी म्हणाले, “गाठ आहे, पण दुखत नाही,” तर खर्चाचा विषय काढू नका. तपासणीची तारीख ठरवा. गाठीला ठेवलेला पैसा अशाच वेळेसाठी असतो.